‘कॉक्सिडिया’ : एका संज्ञेचा इतिहास

रोगाच्या इतिहासात नामकरणास गौण लेखण्याचा प्रघात आहे. कोंबड्यांच्या कॉक्सिडिओसिस या आंत्ररोगाचा इतिहास मात्र निराळी साक्ष देतो. १६७४ साली लेवेनहूक याने सशाच्या पित्तात अंडाकृती कण पाहिले. आज ते याच वर्गातील परजीवींचे मानले जातात. पुढे ‘दाणा’ या अर्थाच्या ग्रीक ‘कोक्कोस’ शब्दावरून अशा परजीवींस ‘कॉक्सिडिया’ ही संज्ञा लाभली. १८७५ साली श्नायडर याने आयमर या संशोधकाच्या नावावरून ‘आयमेरिया’ ही प्रजाती स्थापिली.

तथापि कोंबड्यांतील हा रोग एकाच जातीमुळे होतो, ही समजूत दीर्घकाळ टिकली. हार्वर्ड विद्यापीठातील टायझर याने १९२९ साली अनेक जातींचे लक्षणभेद स्पष्ट केले. ‘टेनेला’ आतड्याच्या अंधनालांत रक्तस्राव घडविते. ‘असर्व्युलिना’ लहान आतड्याच्या आरंभभागी वसते. हा भेद केवळ पारिभाषिक नव्हे. एका जातीविरुद्ध आलेली प्रतिकारशक्ती दुसरीपासून पक्ष्याचे पुरेसे रक्षण करीत नाही. म्हणूनच आजच्या अनेक लशींत एकाहून अधिक जातींचा समावेश करावा लागतो. येथे नावे वेगळी झाली, तेव्हाच उपायही नेमका होऊ शकला.