टँकरपुराण

सकाळी मोबाइलवर येणारे विनोद वाचून नाना हसत नाहीत. "यात आपलं कुणीच नाही गं," म्हणतात. त्यांच्या काळी कॉम्प्युटरवरची थट्टाही गावातल्याच माणसांची असे, आणि ती माणसं वाचणाऱ्याला ठाऊक असत.

15 ऑगस्ट 1995 रोजी विदेश संचार निगमने इंटरनेट सर्वांसाठी खुलं केलं. वसईत ते घरोघरी यायला वेळ लागला. नानांच्या फोर्टमधल्या ऑफिसात मात्र लवकर आलं. साहेब निघून गेले की नाना ‘टँकरपुराण’ लिहायला बसत. विहिरींचं पाणी उपसून टँकरने विकण्यावरून वसई पेटली होती, हरित वसई संरक्षण समितीच्या चळवळीत फादर फ्रान्सिस दिब्रिटो पुढे होते, तो काळ त्यांनी पाहिलेला. पुराणात टँकर हा देव, ड्रायव्हर पुजारी आणि सोसायट्यांचे सेक्रेटरी नवस बोलणारे भक्त.

ईमेलबरोबर फॉन्टची फाइलही धाडावी लागे, नाहीतर पलीकडे रोमन अक्षरांचा नुसता काला. म्हणून कुणीतरी अध्याय छापून घेई आणि कडांना भोकं असलेला तो लांबलचक कागद विरार गाडीत मोठ्याने वाचला जाई. "भाईंदर सुटलं की हात वर काढता यायचा," नाना सांगतात, "खाडीचा पूल सरेपर्यंत एक अध्याय!"

कुणा भाच्याने काही अध्याय जिओसिटीजवर चढवले होते. याहूने ऑक्टोबर 2009 मध्ये ते दुकानच बंद केलं. छापील कागद पावसाळ्यांनी खाल्ले. अखेर अर्नाळ्याच्या एका जुन्या सहप्रवाशाकडे सीडी निघाली.

सीडी उघडली, मजकूर नाही. तो ‘शिवाजी’ फॉन्टमधला. फाइलीत साठलेली सगळी रोमन अक्षरं, मराठी रूप फक्त फॉन्टमुळे दिसायचं. शिवाय अक्षरं दिसतील त्या क्रमाने बसवलेली: ‘विरार’ची वेलांटी आधी, व मागाहून, ‘गर्दी’चा रफार तर ‘दी’ पुरी झाल्यावर. युनिकोडला उच्चाराचा क्रम लागतो. कन्व्हर्टरमधून काढल्यावर रफार वाटेत गळाले, गर्दीची ‘गदी’ झाली. ते मी हाताने लावत बसले.

अक्षरं जागेवर आली तरी हसू येईना. तिसरा भक्त पालथा हंडा पुढ्यात घेऊन बसतो, यात गंमत काय? नाना-माई मात्र ठसका लागेपर्यंत हसले. हा गृहस्थ मोर्चात रिकामा हंडा बडवत सर्वांत पुढे होता, आणि सोसायटीत पहिला टँकर त्यानेच बोलावला, असं माईंनी सांगितलं तेव्हा कुठे उलगडा झाला.

अत्र्यांची ‘झेंडूची फुले’ 1925 ची. ज्या कवितांची त्यात टर उडवली, त्या आजही छापून मिळतात, म्हणून शंभर वर्षांनीही विडंबन कळतं. टँकरपुराणाची मूळ संहिता या दोघांच्या डोक्यात आहे. मशीनने अक्षरं सोडवली. टोमणे सोडवायला हीच माणसं लागतात.

आता दर रविवारी मी तळटिपा लिहिते. मजकुरापेक्षा त्याच लांबल्या आहेत. "विनोद समजावून सांगायचा नसतो," नाना कुरकुरतात आणि पुढची टीप स्वतःच सांगतात. पाचवा भक्त कोण, यावर मात्र त्यांचं आणि माईंचं जमत नाही. दोघांनी सांगितलेली दोन्ही नावं मी लिहून ठेवली आहेत.