शिंदीवर चढणारा माणूस

आपल्या नांदेड-लातूरकडे हैदराबाद मुक्तिलढ्याची गोष्ट निघाली की १९४७ सालची शिंदीबने तोडण्याची मोहीम आपण अभिमानाने सांगतो. स्वामी रामानंद तीर्थांच्या स्टेट काँग्रेसचा हिशेब चुकीचा नव्हता. अबकारी हे निजाम सरकारचे भरघोस उत्पन्न. झाड पाडले की तेवढा खजिना आटला. पण त्या झाडावर ज्याची भाकरी होती, तो आपल्या इतिहासात कुठे आहे?

बिलोली-देगलूरकडे, तेलंगणाच्या सीमेवर, हा धंदा पिढीजात. थंडीत शेंड्याखालचे खोड कोयत्याने तासायचे, मडके बांधायचे आणि झुंजुमुंजू होताच पुन्हा चढून ते उतरवायचे. ऊन लागले की रस आंबू लागतो. आधार काय, तर कमरेला आणि खोडाला मिळून घातलेला दोराचा वेढा. दरसाल बाजू बदलून तासतात, म्हणून जुने झाड नागमोडी होते. खाचा मोजून किती हंगाम छेदले ते सांगता येते. कामगाराची इतकी पक्की हजेरी मी कुठल्या दफ्तरात पाहिलेली नाही! झाडाचा कर सरकारचा, दुकानाचा नफा गुत्तेदाराचा. पडून मोडलेली कंबर मात्र चढणाऱ्याची.

१९४८ च्या सप्टेंबरात संस्थान मुक्त झाले. १९५६ साली मराठवाडा मुंबई राज्यात आला आणि तिथला १९४९ चा दारूबंदी कायदा पुढे इकडेही लागू झाला.

पंचवीस-तीस वर्षांपूर्वी एका म्हाताऱ्या चढणाऱ्याला मी विचारले, झाडे पाडली तेव्हा तुम्ही काय केलेत? तो म्हणाला, “कुऱ्हाड आमच्याच घरून मागून नेली. आम्ही दिली. मग दोर गुंडाळून ठेवला अन् खडी फोडायला गेलो.”