१७. अस्टोरिया
मजकुरातील ‘अस्टोरियाची सभा’ न्यूयॉर्कच्या त्याच नावाच्या वस्तीतली नव्हे. हे अस्टोरिया ऑरेगन राज्यात, कोलंबिया नदी पॅसिफिकला मिळते तिथे आहे. जॉन जेकब अ‍ॅस्टर यांच्या फर कंपनीने १८११ मध्ये इथे ठाणे वसवले. पुढे सामन मासे डबाबंद करणारे कारखाने आणि लाकूडगिरण्या यांवर गाव वाढले. मासेमारीत फिनलंडहून आलेल्यांचा भरणा मोठा होता. हॅमंड कंपनीच्या लाकूडगिरणीत पंजाबी मजूर होते, बहुतेक शीख, आणि ते गिरणीजवळच राहत. १९१३ मध्ये फिनिश समाजवाद्यांच्या सभागृहात या मजुरांची सभा भरली. फिनलंडही तेव्हा रशियाच्या झारच्या अमलाखाली होता, हे इथे ध्यानात घ्यायला हवे. सोहनसिंग भकना अध्यक्ष आणि लाला हरदयाळ सरचिटणीस असलेली जी संघटना पुढे गदर पक्ष म्हणून ओळखली गेली, तिच्या स्थापनेशी ही सभा जोडलेली आहे. वर्ध्याचे पांडुरंग खानखोजे याच संघटनेच्या आरंभीच्या कार्यकर्त्यांपैकी होते. ‘गदर’ हे पत्र मात्र सॅन फ्रान्सिस्कोहून १ नोव्हेंबर १९१३ पासून निघाले, कचेरीही तिथलीच. त्यामुळे अस्टोरियाचे नाव मागे पडले, ते अन्यायाचे आहे: पैसा आणि माणसे मुख्यतः अशा गिरणी-गावांतून आणि शेतमळ्यांतून उभी राहिली. हॅमंडची गिरणी १९२२ मध्ये जळाली. त्याच वर्षीच्या डिसेंबरात शहराचा मध्यभागही आगीत गेला. सभेच्या शताब्दीचा समारंभ शहराने २०१३ मध्ये केला. — संपा.