भाडं थकलं, नोटीस आली : ९० दिवसांचा नियम नेमका काय आहे?

“आठ दिवसांत थकलेलं भाडं भरा, नाहीतर सामान बाहेर काढू.” घरमालकाचा असा मेसेज व्हॉट्सॲपवर आला की भाडेकरूच्या पोटात गोळा येतो. दुसरीकडे, भाड्याच्या पैशांवरच ज्यांचं घर चालतं अशा मालकांना वाटतं, की वकिलाकडून एक नोटीस धाडली की खोली आपोआप रिकामी होईल. कायद्यानुसार आठ दिवसांत घर रिकामं करून घेता येत नाही आणि नुसत्या नोटिशीनेही ताबा मिळत नाही.

महाराष्ट्रातल्या शहरी भागात हा विषय महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ मध्ये येतो. हा कायदा ३१ मार्च २००० पासून लागू आहे. पण त्यातला कोणता नियम लागू होईल, हे करारावर ठरतं. त्यामुळे नोटीस हातात पडल्यावर सगळ्यात आधी कपाटातला करार काढून वाचावा.

भाडेकरू की लायसन्सी?

बोलताना आपण सगळ्यांनाच ‘भाडेकरू’ म्हणतो. कायदा मात्र फरक करतो. चाळीत, वाड्यात किंवा पागडीच्या खोलीत वर्षानुवर्षं राहणारं कुटुंब हे भाडेकरू. आयटी पार्कजवळ ११ महिन्यांच्या ‘लिव्ह अँड लायसन्स’ करारावर फ्लॅट घेणारी मुलं ही लायसन्सी, म्हणजे मालकाच्या परवानगीने ठरावीक काळ राहणारी. पुणे-मुंबईतले आजचे बहुतेक नवे करार या दुसऱ्या प्रकारचे असतात.

खाली सांगितलेला ९० दिवसांचा नियम पहिल्या गटासाठी आहे. व्हायरल रील्समध्ये हीच गोष्ट गाळली जाते आणि मग फ्लॅटवाली मुलं ‘आम्हाला ९० दिवस कोणी हात लावू शकत नाही’ म्हणून निर्धास्त राहतात.

कलम १५ काय सांगतं?

भाडेकरू भाडं भरतोय किंवा भरायला तयार आहे, तोवर भाड्याच्या कारणावरून त्याला घराबाहेर काढता येत नाही. भाडं थकलं तरी मालकाला थेट कोर्टात जाता येत नाही. आधी लेखी मागणी करावी लागते आणि ती नोटीस भाडेकरूला मिळाल्यानंतर ९० दिवस थांबावं लागतं. त्याआधीच्या १९४७ च्या मुंबई भाडे कायद्यात ही मुदत एक महिन्याची होती.

मोजणी कुठून करायची, यावर अनेकदा घोळ होतो. समजा नोटिशीवर १ जून ही तारीख आहे, पण ती भाडेकरूच्या हातात १० जूनला पडली. मग पहिला दिवस ११ जून आणि नव्वदावा दिवस ८ सप्टेंबर. म्हणजे मालकाला ९ सप्टेंबरच्या आधी दावा दाखल करता येणार नाही.

हे ९० दिवस पैसे भरण्यासाठी असतात, घर सोडण्यासाठी नाही. या काळात नोटिशीतली देय रक्कम भरली, की थकबाकीच्या कारणावरून दावा करायला आधारच उरत नाही. मागितलेली रक्कम चुकीची वाटत असेल, तर कोणत्या महिन्याचं किती भाडं भरलं याचा तपशील देऊन लेखी उत्तर द्यावं आणि जी रक्कम मान्य आहे ती भरून टाकावी. गप्प बसणं सगळ्यात महागात पडतं.

दावा दाखल झाला तरी एक संधी

ही तरतूद फार कमी लोकांना माहीत असते. कोर्टाचं समन्स मिळाल्यापासून पुन्हा ९० दिवस मिळतात. या मुदतीत सगळी थकबाकी आणि त्यावर वार्षिक १५ टक्के दराने सरळ व्याज भरलं, त्यानंतर दाव्याचा निकाल लागेपर्यंत दर महिन्याचं भाडं नियमित भरत राहिलं आणि कोर्ट सांगेल तो दाव्याचा खर्च दिला, तर थकबाकीच्या कारणावरून घर खाली करण्याचा हुकूमनामा देता येत नाही.

महिना ३,००० रुपये भाड्याची खोली असेल आणि पाच महिने थकले असतील, तर मुद्दल १५,००० रुपये. एवढी रक्कम वर्षभर थकीत राहिली, तर व्याज २,२५० रुपये. घर वाचवण्याच्या हिशोबात ही रक्कम लहानच म्हणायची. खरी गोम ‘नियमित’ या शब्दात आहे. एकदा थकबाकी भरली आणि पुढचे हप्ते पुन्हा रखडवले, तर हे संरक्षण हातचं जाऊ शकतं.

नोटीस कशी पाठवायची?

यासाठी कायदा मालमत्ता हस्तांतरण कायदा, १८८२ च्या कलम १०६ कडे बोट दाखवतो. नोटीस लेखी हवी, त्यावर मालकाची किंवा त्याच्या वतीने वकिलाची सही हवी. ती पोस्टाने पाठवावी किंवा भाडेकरूच्या, त्याच्या घरच्या माणसाच्या अथवा नोकराच्या हातात द्यावी. हे शक्यच नसेल, तर घराच्या ठळक जागी चिकटवावी. कोणत्या महिन्यांचं किती भाडं थकलं आहे, ते आकड्यांत लिहिलेलं असलं म्हणजे पुढे वाद कमी होतात.

टपाल खात्याची रजिस्टर्ड पोस्ट सेवा २०२५ मध्ये स्पीड पोस्टमध्ये विलीन झाली. त्यामुळे आता स्पीड पोस्टची पावती आणि पोच जपून ठेवायची. पोस्टमनने आणलेलं पाकीट ‘घेत नाही’ म्हणून परत पाठवण्याची हुशारी मात्र करू नये. पत्ता बरोबर असेल, तर नाकारलेली नोटीस कोर्ट साधारणपणे मिळालेलीच धरतं आणि ९० दिवस भाडेकरूच्या नकळत सरू लागतात.

व्हॉट्सॲपचं काय? २०१८ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने व्हॉट्सॲपवर पीडीएफ स्वरूपात पाठवलेली नोटीस निळ्या टिक्स बघून बजावली गेल्याचं मानलं होतं. पण ते प्रकरण आधीच मिळालेल्या आदेशाच्या अंमलबजावणीचं होतं, भाड्याच्या मागणीचं नव्हतं. मालकाने केवळ मेसेजच्या भरवशावर राहू नये. भाडेकरूनेही ‘मेसेजच तर आहे’ म्हणून तो डिलीट करू नये.

लिव्ह अँड लायसन्सवाल्यांचं काय?

इथे करारात लिहिलेली नोटिशीची मुदत महत्त्वाची. अनेक करारांत ती एक महिन्याची असते. कराराची मुदत संपूनही घर सोडलं नाही, तर मालक कलम २४ खाली सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करू शकतो. तिथून समन्स आल्यावर बाजू मांडण्याची परवानगी ३० दिवसांच्या आत मागावी लागते. मुदतीनंतर राहिलेल्या काळासाठी दुप्पट भाड्याने नुकसानभरपाई द्यावी लागू शकते. महिना २०,००० रुपयांच्या फ्लॅटला ४०,००० रुपये.

कलम २४ मध्ये शब्द आहेत ते ‘मुदत संपल्यावर’. मुदतीच्या आतच भाडं थकलं म्हणून करार रद्द केला असेल, तर प्रकरण गुंतागुंतीचं होतं आणि वकिलाचा सल्ला घेतलेला बरा. ‘डिपॉझिटमधून कापून घ्या’ हेही आपोआप होत नाही. तशी अट करारात हवी किंवा मालकाची लेखी संमती हवी.

करार नोंदवणं कलम ५५ नुसार सक्तीचं आहे, अगदी ११ महिन्यांचा असला तरी. नोंदणीची जबाबदारी मालकावर आहे. ती केली नसेल, तर अटींच्या वादात भाडेकरूचं म्हणणं खरं धरलं जातं, जोवर त्याच्या उलट सिद्ध होत नाही.

पाणी तोडलं, कुलूप लावलं तर?

थकबाकी कितीही असो, पाणी, वीज, जिन्यातला दिवा, लिफ्ट यांसारख्या सोयी मालकाने विनाकारण तोडणं कलम २९ खाली गुन्हा आहे आणि कोर्ट त्या पुन्हा सुरू करायला लावू शकतं. परस्पर कुलूप बदलून बाहेर काढलं, तर विशिष्ट अनुतोष कायद्याच्या कलम ६ खाली सहा महिन्यांच्या आत दावा करून ताबा परत मागता येतो. पोलीस मारहाण-धमकीची तक्रार घेऊ शकतात, पण घर रिकामं करून देणं हे त्यांचं काम नाही. तो आदेश मुंबईत लघुवाद न्यायालय देतं. जिथे असं न्यायालय नाही, तिथे दिवाणी न्यायाधीश, कनिष्ठ स्तर यांच्याकडे जावं लागतं.

‘नवीन भाडे कायदा आला, डिपॉझिट फक्त दोन महिन्यांचं’ असे मेसेज अधूनमधून फिरतात. त्यांचं मूळ २०२१ च्या केंद्राच्या आदर्श भाडेकरू कायद्यात आहे. तो फक्त नमुना आहे. राज्याने स्वतःचा कायदा केल्याशिवाय तो लागू होत नाही.

मालक भाडं घ्यायलाच तयार नसेल, तर? पूर्वी लोक मनी ऑर्डर करायचे आणि परत आलेली पावती जपून ठेवायचे. आता मालकाच्या खात्यावर ऑनलाइन भरून ‘अमुक महिन्याचं भाडं’ असा शेरा टाकता येतो. रोख दिलं तर पावती मागायचीच. ती देणं कलम ३१ नुसार मालकाला बंधनकारक आहे.