एक अक्ष, दोन आवाज: समाक्ष स्पीकरची गोष्ट, नाशिकरोडपासून लंडनपर्यंत

स्वातंत्र्यलढ्यातील सभांची जुनी छायाचित्रे बारकाईने पाहिली, तर गांधीजी किंवा नेहरू यांच्यासमोरच्या मायक्रोफोनवर अनेकदा एकच नाव वाचता येते: ‘शिकागो रेडिओ’. नाव परदेशी, पेढी मात्र सिंधी. ग्यानचंद चंदुमल मोटवाने यांनी १९०९ मध्ये सक्कर येथे सुरू केलेला व्यवसाय पुढे कराचीमार्गे मुंबईत आला. त्यांचे पुत्र नानिक मोटवाने यांनी काँग्रेसच्या सभांना ध्वनिवर्धक पुरवण्याचे काम अंगावर घेतले. १९४२ च्या भूमिगत काँग्रेस रेडिओच्या खटल्यात उषा मेहता यांच्याबरोबर तेही आरोपी होते. त्यातून ते निर्दोष सुटले.

याच मोटवान्यांचा कारखाना नाशिकरोडला, ग्यान बागेत आहे. रेडिओ-टेपरेकॉर्डर दुरुस्त करणाऱ्या मंडळींना मात्र हे नाव भोंग्यांपेक्षा मल्टिमीटरमुळे अधिक परिचित. घरी स्पीकर बांधणाऱ्याच्या टेबलावरही तो मीटर असतोच. त्याच्याकडे शेवटी पुन्हा यावे लागेल.

सभेच्या भोंग्याचे काम तुलनेने सोपे होते. मानवी बोलणे समजण्यासाठी साधारण ३०० ते ३,५०० हर्ट्झ एवढा पट्टा पुरतो, आणि एक भोंगा तेवढा सहज पेलतो. संगीताची गोष्ट निराळी. ५० हर्ट्झच्या स्वराची तरंगलांबी सुमारे ७ मीटर, तर १०,००० हर्ट्झची जेमतेम साडेतीन सेंटिमीटर. तबल्याच्या बायाला मोठा पडदा हवा, झांजेला लहान. मोठ्या पडद्यातून उंच स्वर काढले, तर ते टॉर्चच्या झोतासारखे सरळ समोर जातात आणि बाजूला बसलेल्यांच्या वाट्याला येत नाहीत. म्हणून खालच्या स्वरांना वूफर, वरच्यांना ट्वीटर, अशी वाटणी झाली.

वाटणी झाली की भांडणही आले. २,५०० हर्ट्झला दोघे मिळून आवाज देतात असे धरू. तिथली तरंगलांबी सुमारे १४ सेंटिमीटर. ऐकणाऱ्याच्या कानापर्यंत येताना एकाच्या वाटेत दुसऱ्यापेक्षा ७ सेंटिमीटरचा फरक पडला, की एकाचा उंचवटा दुसऱ्याच्या खळग्यात बसतो आणि तो स्वर विरतो. मराठी घरात हे हटकून घडते. पेटी शोकेसच्या वरच्या फळीवर असते आणि माणसे खाली सतरंजीवर. दोन मीटरवरून असे तिरके ऐकताना गायिकेचा आवाज नेमका त्याच पट्ट्यात पोकळ होतो. उठून उभे राहावे, तर तीच गायिका पुन्हा भरदार. दोष पेटीचा नाही, भूमितीचा आहे.

मोठ्या प्रमाणावर हाच अनुभव हॉलिवूडने १९३० च्या दशकात घेतला होता. चित्रपटगृहात खालच्या स्वरांचा भोंगा घड्या घातलेला, म्हणून लांब, वरच्यांचा आखूड. नर्तिकेच्या पावलांची एकच टाप प्रेक्षकांना दोनदा ऐकू येई, असे सांगतात. या दोषावर मात करण्यासाठी जी प्रणाली बनली, तिच्या घडणीत जेम्स लान्सिंग यांचा हात होता. पुढे १९४० च्या दशकाच्या मध्यास त्यांच्याच आराखड्यातून आल्टेक ६०४ आला: पंधरा इंची वूफर आणि त्याच्या चुंबकाच्या मधोमध आरपार जाणारा उंच स्वरांचा भोंगा. अमेरिकन ध्वनिमुद्रण स्टुडिओंत तो अनेक वर्षे ठाण मांडून होता.

लंडनची टॅनॉय कंपनी १९४७ मध्ये आपला ‘ड्युअल कॉन्सेंट्रिक’ घेऊन आली. ही कंपनीही मोटवान्यांसारखीच सार्वजनिक ध्वनिवर्धकांच्या धंद्यातली. इतकी की ब्रिटनमध्ये स्थानकावरच्या घोषणायंत्राला सर्रास ‘टॅनॉय’च म्हणू लागले. तिच्या रचनेत वूफरचा कागदी पडदाच ट्वीटरच्या भोंग्याचा पुढचा भाग होतो.

युक्ती सुंदर, पण तिची किंमत आहे. भोंग्याची भिंतच हलू लागली, तर त्यातून येणारा उंच स्वर स्थिर कसा राहील? ढोलाच्या ठोक्याने पडदा मागे-पुढे धावतो आणि त्याच क्षणी बासरीवर किंचित कंप चढतो. आल्टेक व टॅनॉय दोन्हींत ट्वीटरचा पडदा वूफरच्या मागे राहतो, म्हणजे अक्ष एक झाला तरी खोली दोनच. ही अडचण चुंबकाची होती. जुने चुंबक इतके मोठे, की वूफरच्या गळ्यात ट्वीटर मावतच नव्हता. १९८० च्या दशकात निओडिमियम चुंबक आले आणि १९८८ मध्ये केईएफ या ब्रिटिश कंपनीने ‘युनि-क्यू’मध्ये इवलासा ट्वीटर थेट वूफरच्या कॉइलच्या पोटात बसवला. अक्ष आणि बिंदू दोन्ही जवळजवळ एक झाले.

आपल्याकडे घरी पेटी बांधणाऱ्यांपर्यंत समाक्ष रचना पोहोचली ती मोटारीच्या स्पीकरमधून. मोह उघड आहे. प्लायवूडला एकच भोक पाडायचे, दोनच तारा जोडायच्या, सुताराला समजावण्याचा त्रास नाही. पण मोटारीचा समाक्ष स्पीकर नावापुरताच या घराण्यातला. त्याचा ट्वीटर वूफरच्या पुढे एका खांबावर चढवलेला असतो आणि वाटणीसाठी बहुधा एकच कपॅसिटर. ४ ओहमच्या ट्वीटरला ४.७ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर म्हणजे वाटणी सुमारे ८,५०० हर्ट्झला. वूफरला कोणताच अडसर नसतो. तिथली तरंगलांबी ४ सेंटिमीटर, आणि ट्वीटर तितकाच पुढे! अक्ष जुळवून वेळ चुकवण्याचा हा प्रकार आहे.

दुसरी चूक सुताराची नसून सौंदर्यदृष्टीची. चौकोनी फळीच्या बरोबर मध्यावर स्पीकर छान दिसतो. मात्र चारही कडा सारख्याच अंतरावर असल्याने तिथून परतणारे ध्वनी एकदमच कानावर येतात आणि ठरावीक स्वर खडबडीत होतात. भोक मध्यापासून थोडे सरकवावे, कडा रंध्याने गोल कराव्यात. पडद्याची धावपळ टाळायची असेल, तर शंभर हर्ट्झखालचे काम वेगळ्या वूफरकडे सोपवावे. एका भोकाचा मोह तिथे संपतो हे खरे.

आता मल्टिमीटर. ४ ओहमच्या चांगल्या वूफरची कॉइल मीटरवर साडेतीन ओहमच्या आसपास दिसते, आणि समाक्ष स्पीकरच्या दोन टोकांना मीटर लावला तरी तेवढेच दिसते. कारण मीटरचा एकदिश प्रवाह कपॅसिटर ओलांडत नाही. ट्वीटर त्याला दिसतच नाही. तो जळालेला असला तरी काटा निमूटपणे साडेतीनवरच येतो. त्यासाठी कपॅसिटरच्या पलीकडे, थेट ट्वीटरच्या टोकांवर मीटर लावावा लागतो.