मिताक्षरेंतील एक दुर्लक्षित स्थळ : वादीचा चेहरा आणि न्यायाधीशाचा निर्णय

विज्ञानेश्वराच्या मिताक्षरेचें नांव वकीलमंडळींच्या तोंडीं बहुधा एकाच कारणानें येतें, आणि तें कारण म्हणजे दायविभाग. कोलब्रुक साहेबानें १८१० सालीं त्या टीकेंतील दायविभागाच्या प्रकरणाचें इंग्रजी भाषांतर प्रसिद्ध केलें, तेव्हांपासून मिताक्षरा म्हणजे वडिलोपार्जित मिळकतीच्या वाटणीचा ग्रंथ असा समज कोर्टकचेऱ्यांतून रूढ झाला. वास्तविक दायविभाग हें याज्ञवल्क्यस्मृतीच्या व्यवहाराध्यायांतील अनेक प्रकरणांपैकीं एक प्रकरण होय. त्याच अध्यायाच्या आरंभीं फिर्याद व उत्तर यांचे नियम चालले असतां तीन श्लोक येतात आणि त्यांवर विज्ञानेश्वरानें अवघ्या कांहीं ओळींची टीका केली आहे. त्या ओळींकडे वाचकांचें लक्ष वेधणें एवढाच या लेखाचा हेतु आहे.

हें स्थळ आजच उकरून काढण्यास निमित्त आहे. गुन्हेगार, साक्षीदार व न्यायाधीश यांच्या मनोव्यापारांचा शास्त्रीय अभ्यास करणारी ‘न्यायसहायक मानसशास्त्र’ नांवाची एक विद्या गेल्या शंभर-सवाशें वर्षांत पश्चिमेकडे उदयास आली. आपल्या देशांतही तिचें पदव्युत्तर शिक्षण दिलें जातें. गांधीनगरचें पूर्वींचें राज्य विद्यापीठ २०२० सालीं संसदेच्या कायद्यानें राष्ट्रीय न्यायसहायक विज्ञान विद्यापीठ झालें, तेथें हा विषय शिकविला जातो. या विद्येपुढें दोन प्रश्न आहेत. मनुष्याच्या अंगावरील चिन्हांवरून त्याच्या मनांतील खरें-खोटें ओळखतां येतें काय, हा पहिला. आणि ओळखतां आलें तरी त्यावरून त्याला दोषी ठरवावें काय, हा दुसरा. हे दोन प्रश्न एक नव्हेत, हें विज्ञानेश्वरानें स्पष्ट सांगितलें आहे.

प्रथम मूळ वचनांचा आशय पाहूं. मनूनें आठव्या अध्यायांत राजाला असें सांगितलें आहे कीं, वादी-प्रतिवादींच्या अंतःकरणांतील भाव त्यांचा स्वर, वर्ण, इंगित, आकार, दृष्टि व हालचाल या बाह्य चिन्हांवरून जाणावा. याज्ञवल्क्यानें तेंच अधिक बारकाव्यानें सांगितलें. एका जागीं स्थिर न राहणारा, ओठांचे कोपरे चाटणारा, ज्याच्या कपाळावर घाम येतो, ज्याच्या मुखाचा रंग पालटतो, ज्याचा शब्द कोरडा पडून अडखळतो, जो पुष्कळ व परस्परविरुद्ध बोलतो, समोरच्याच्या बोलण्यास व नजरेस नीट प्रतिसाद देत नाहीं, ओठ वाकडे करितो. असा जो मन, वाणी, शरीर व कर्म यांनीं स्वभावतःच विकार पावतो, तो फिर्यादींत किंवा साक्षींत दुष्ट समजावा, असा त्या तीन श्लोकांचा इत्यर्थ होय. हें वर्णन ज्यानें केलें त्यानें सभेंत बसून माणसें पाहिलीं असलीं पाहिजेत, यांत संशय नाहीं.

आतां टीका पाहूं. विज्ञानेश्वर हा कल्याणीच्या चालुक्य राजा सहाव्या विक्रमादित्याच्या कारकीर्दींत, म्हणजे इ. स. १०७६ ते ११२६ या काळांत लिहीत होता. श्लोकांतील ‘स्वभावात्’ या पदावर तो प्रथम बोट ठेवितो. स्वभावात् म्हणजे भय इत्यादि निमित्तावांचून, असा अर्थ तो करितो. राजसभेच्या दरबारी थाटानें भांबावून ज्याला घाम फुटला तो या श्लोकाच्या कक्षेंत येतच नाहीं. पुढें तो म्हणतो कीं, हें सर्व दोषाची केवळ संभावना दाखविण्यासाठीं सांगितलें आहे, दोषाच्या निश्चयासाठीं नव्हे; कारण स्वाभाविक विकार कोणता आणि नैमित्तिक कोणता हा विवेक करणें अत्यंत कठीण आहे.

येथेंच तो थांबला असता तरी सामान्य सावधगिरीचें श्रेय त्याला मिळालें असतें. पण तो आणखी एक पाऊल पुढें जातो. समजा, एखाद्या निपुण पुरुषाला हा विवेक करतां आला, तरीसुद्धां तेवढ्यावरून पराजयाचें फळ त्या वादीच्या माथीं मारूं नये, असें तो सांगतो. त्यासाठीं त्यानें दिलेला दृष्टांत विलक्षण आहे. मनुष्य मरणार अशीं चिन्हें दिसूं लागलीं म्हणून शिष्ट लोक त्याचें और्ध्वदेहिक आरंभीत नाहींत. त्याचप्रमाणें हा हरणार असें चिन्हांवरून कळलें तरी हरल्याचीं कार्यें करूं नयेत. पहिला आक्षेप ज्ञानाच्या दुर्बलतेवर आहे. दुसरा त्याहून खोल आहे. ज्ञान अचूक असलें तरी तें प्रमाणाची जागा घेऊं शकत नाहीं. निर्णय साक्षी, लेख, भुक्ति अशा प्रमाणांवरच व्हावयास पाहिजे.

या दृष्टांताचें मर्म आम्हांस पोथीवरून नव्हे तर एका चुकीवरून कळलें, आणि ती चूक आमची स्वतःची असल्यामुळें सांगण्यास हरकत नाहीं. शाळेंत शिकवीत असतां एकदां वर्गांतून एका मुलाची कंपासपेटी नाहींशी झाली. आम्ही सर्व मुलांस उभें करून एकेकाकडे पाहत गेलों. एका मुलाच्या कपाळावर घाम आला, ओठ कोरडे पडले, विचारलेल्या प्रश्नाला नीट उत्तर देतां येईना. याज्ञवल्क्याचीं लक्षणें आम्हांस मुखोद्गत होतीं. आम्ही त्याला छडी मारली. दुसऱ्या दिवशीं पेटी हरविलेल्या मुलाच्या घरींच सांपडली. श्लोक पाठ होते, टीका वाचलेली नव्हती. ती नंतर वाचली, आणि भयादि निमित्तावरील तीं पदें वाचतांना त्या मुलाचा चेहरा डोळ्यांपुढें आल्यावांचून राहिला नाहीं.

भय आणि अपराध यांची गल्लत कौटिल्यासही ठाऊक होती. अर्थशास्त्राची पोथी १९०५ सालीं म्हैसूरच्या प्राच्य ग्रंथालयांत आली आणि शामशास्त्री यांनीं ती १९०९ सालीं छापून प्रसिद्ध केली, हें संग्राहकांस सांगावयास नकोच. त्या ग्रंथाच्या चौथ्या अधिकरणांत संशयिताची विचारपूस व यातना यांचें प्रकरण आहे. यातनेची मुभा देणाऱ्या त्याच प्रकरणांत कौटिल्य अणिमांडव्याचें उदाहरण देतो. तो चोर नव्हता. परंतु क्लेशाच्या भयानें ‘मीं चोरी केली’ असें त्यानें कबूल केलें. म्हणून पुरावा पुरा झाल्यावांचून शिक्षा ठरवूं नये, असा निष्कर्ष कौटिल्य काढितो. निरपराधी मनुष्य खोटा कबुलीजबाब देतो, ही गोष्ट आजच्या मानसशास्त्राच्या पाठ्यग्रंथांत एका स्वतंत्र प्रकरणाचा विषय झाली आहे.

येथें पूर्वजांचें केवळ गौरवगान करून चालणार नाहीं. ज्या मिताक्षरेंत ही विवेकाची वाणी आहे तींतच दिव्यांचेंही सविस्तर विधान आहे. त्यांपैकीं तंडुलविधि प्रस्तुत विषयास विशेष उपयोगी आहे. चोरीच्या आरोपांत संशयितास तांदूळ चावावयास लावून थुंकावयास सांगत. त्यांत रक्त दिसलें, हनुवटी व टाळू यांना इजा झाली, किंवा अंग कांपूं लागलें तर तो अशुद्ध ठरे. भीतीनें लाळ आटते व तोंड कोरडें पडतें, ही शरीरधर्माची गोष्ट खरी आहे. तेव्हां या विधीच्या मुळाशीं एक खरें निरीक्षण आहे. पण लाळ भयानें आटते, अपराधानें नव्हे. आणि दिव्याला उभा राहिलेला निरपराधी भीत नाहीं असें कोण म्हणेल? संभावनेच्या चिन्हाला निश्चयाच्या आसनावर बसविलें कीं काय होतें, त्याचें हें उदाहरण आहे. मराठी अमदानींतही गोतसभेच्या निवाड्यांत दिव्याला स्थान होतें. रवादिव्यांत कढत तेल-तुपांतून धातूचा रवा काढावयास लावून, हात पिशवींत घालून त्यावर मोहोर करीत व ठरल्या दिवशीं तो उघडून पाहत. तथापि त्याच दफ्तरांत तक्रिरी, साक्षी, जुने कागद व महजर यांवर झालेले निवाडेही आहेत. या न्यायपद्धतीचा साधार विचार वि. त्र्यं. गुणे यांनीं १९५३ सालीं प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथांत केला आहे.

आतां पश्चिमेकडे वळूं. कारण तेथेंही हाच वाद नव्या वेषांत उभा राहिला. ह्यूगो म्युन्स्टरबर्ग या जर्मन मानसशास्त्रज्ञानें अमेरिकेंत हार्वर्ड येथें असतां १९०८ सालीं साक्षीदारांच्या स्मृतीवर व कबुलीजबाबांवर एक पुस्तक लिहून, न्यायालयें मानसशास्त्राकडे पाठ फिरवितात अशी तक्रार केली. पुराव्याच्या कायद्याचा पंडित विग्मोर यानें पुढच्याच वर्षीं त्याचा उपहासपूर्ण समाचार घेतला. म्युन्स्टरबर्गचाच शिष्य मार्स्टन यानें रक्तदाबावरून असत्य ओळखण्याची युक्ति काढली. १९२१ सालीं बर्कली येथील पोलिस खात्यांतील लार्सन यानें रक्तदाब व श्वास यांची एकत्र नोंद करणारें यंत्र तयार केलें. आजच्या पॉलिग्राफचें तें पूर्वरूप. परंतु १९२३ सालीं फ्राय खटल्यांत वॉशिंग्टन येथील अपील न्यायालयानें मार्स्टनच्या परीक्षेचा पुरावा नाकारला. ज्या शास्त्राची ती परीक्षा त्या शास्त्रांत तिला सर्वमान्यता मिळालेली नाहीं, असें कारण न्यायालयानें दिलें. हा आक्षेप विज्ञानेश्वराच्या पहिल्या आक्षेपाच्या जातीचा होय, म्हणजे ज्ञान अद्याप भरंवशाचें नाहीं. यंत्र सुधारलें तर हा आक्षेप उरत नाहीं.

दुसरा आक्षेप ऐकूं आला तो आपल्याच देशांत. २००८ सालीं पुण्याच्या सत्र न्यायालयानें एका खुनाच्या खटल्यांत इतर पुराव्याबरोबर मेंदूंतील विद्युत्स्पंदनांच्या परीक्षेचाही आधार घेऊन आरोपींस दोषी ठरविलें. त्याची चर्चा देशाबाहेरही झाली. पुढें ५ मे २०१० रोजीं सेल्वी विरुद्ध कर्नाटक राज्य या प्रकरणांत सर्वोच्च न्यायालयानें पॉलिग्राफ, नार्को-चांचणी व मेंदूची विद्युत्परीक्षा या तिहींचा एकत्र विचार केला. मनुष्याच्या संमतीवांचून या परीक्षा करणें हें राज्यघटनेच्या विसाव्या व एकविसाव्या अनुच्छेदांस बाधक आहे. संमतीनें केली तरी परीक्षेचें फलित स्वतः पुरावा म्हणून ग्राह्य नाहीं. मात्र तीवरून पुढें एखादी वस्तु अगर माहिती उजेडांत आली तर ती ग्राह्य होऊं शकते, असा निर्णय झाला. परीक्षा किती अचूक आहेत याची चिकित्सा न्यायालयानें केलीच. परंतु निर्णयाचा मुख्य भार तिच्यावर ठेविला नाहीं. स्वतःविरुद्ध बोलण्याची सक्ति कोणावर होऊं नये, या तत्त्वावर तो ठेविला. यंत्र उद्यां निर्दोष झालें तरी हें तत्त्व ढळत नाहीं.

दोहोंचा पाया एक आहे असें आमचें म्हणणें नाहीं. विज्ञानेश्वरापुढें मूलभूत हक्कांची कल्पना नव्हती, आणि न्यायालयाचा आधार घटना होती, मिताक्षरा नव्हे. साम्य आहे तें विचाराच्या आकारांत : चिन्ह शोधाला दिशा देऊं शकतें, निर्णयाची जागा घेऊं शकत नाहीं. चिन्हावरून वस्तु सांपडली तर वस्तूला मान्यता, चिन्हाला नाहीं.

हा प्रश्न यंत्रांपुरताच असता तर त्याची एवढी मातबरी नव्हती. पण चिन्हें पाहणारा मुख्य प्राणी न्यायाधीश आहे. साक्ष चालली असतां साक्षीदाराच्या वर्तनाविषयीं महत्त्वाचें वाटेल तें नमूद करण्याची तरतूद १९७३ च्या फौजदारी संहितेंत होती. १ जुलै २०२४ पासून अंमलांत आलेल्या नव्या नागरिक सुरक्षा संहितेंतही ती कायम आहे. म्हणजे मनूचें तें वचन आजही न्यायासनाच्या शेजारीं उभें आहे. त्याची योग्यता किती? बाँड व डीपॉलो या दोन अमेरिकन संशोधकांनीं २००६ सालीं २०६ निबंध-अहवालांतील प्रयोग एकत्र करून पाहिले. विशेष साधनावांचून केवळ पाहून-ऐकून खरें-खोटें ओळखणाऱ्या माणसांचें उत्तर सरासरी शंभरांत चौपन्न वेळां बरोबर आलें. नाणें उडवून ठरविलें असतें तर पन्नास वेळां आलें असतें. स्वाभाविक व नैमित्तिक यांचा विवेक दुर्ज्ञेय आहे, या विधानाला याहून रोकडा पुरावा कोणता हवा?

ज्यांच्या संग्रहांत निवाडपत्रें, तक्रिरी व महजर आहेत त्यांना आमची एक विनंति आहे. अशा कागदांत वतनांच्या परंपरा व शक-मित्या शोधण्याची आपली संवय आहे, आणि ती योग्यच आहे. त्याबरोबर एवढेंही टिपून ठेवावें कीं, वादी अगर साक्षीदार कसा बोलला, गडबडला, गप्प राहिला याचा उल्लेख कागदांत आहे काय. असल्यास निवाडा त्या उल्लेखावर टेकला आहे कीं दुसऱ्या प्रमाणावर. अशा शेंदीडशें नोंदी जमल्या तरी मिताक्षरेंतील विवेक गांवच्या पंढरीपर्यंत किती पोहोंचला होता, याचें उत्तर अनुमानानें नव्हे तर कागदानें देतां येईल. म. म. काणे यांनीं धर्मशास्त्रेतिहासाच्या १९४६ सालच्या तिसऱ्या खंडांत व्यवहाराचें शास्त्र सांगितलेंच आहे. त्या शास्त्राचा प्रत्यक्ष आचार दफ्तरांत शोधावयाचा आहे.

आणि जे तरुण ही नवी विद्या शिकत आहेत त्यांस अमेरिकन खटल्यांबरोबर मिताक्षरेचें हें पानही वाचावयास मिळालें तर बरें होईल. पुढें न्यायालयांत तज्ज्ञ म्हणून उभे राहून ते ज्यांच्या मनाविषयीं मत देतील, त्यांत त्या वर्गांतल्या मुलासारखे केवळ भ्यालेले लोकही असतील. अशा माणसाची उत्तरक्रिया तो जिवंत असतां आरंभिली जाऊं नये, एवढ्यासाठीं नऊशें वर्षांपूर्वीं विज्ञानेश्वरानें त्या ओळी लिहून ठेविल्या आहेत.