क्वासार, अतिदूरस्थ : शोधाचा इतिहास
क्वासार म्हणजे दीर्घिकेच्या केंद्रातील प्रचंड कृष्णविवरात पडणाऱ्या द्रव्यामुळे प्रकाशणारा, ताऱ्यासारखा बिंदुरूप दिसणारा उद्गम. ३सी २७३ या उद्गमाची ताम्रच्युती ०.१५८ असल्याचे मार्टेन श्मिट यांनी १९६३ मध्ये ओळखले व क्वासारांचे अंतर प्रथमच लक्षात आले. अतिदूरस्थ क्वासार विरळ असल्याने विस्तृत आकाशाचे सर्वेक्षण आवश्यक ठरते. न्यू मेक्सिकोतील २.५ मी. व्यासाच्या दूरदर्शकाने २००० मध्ये सुरू झालेल्या स्लोन सर्वेक्षणात पाच वर्णगाळण्यांतून प्रतिमा घेण्यात आल्या. ताम्रच्युती ६ च्या सुमारास असल्यास, मार्गातील हायड्रोजनाच्या शोषणामुळे सु. ८,५०० अँगस्ट्रॉमपेक्षा कमी तरंगलांबीचा प्रकाश जवळजवळ नाहीसा होतो. म्हणून असा क्वासार केवळ सर्वांत तांबड्या गाळणीत दिसतो. तथापि आकाशगंगेतील थंड तपकिरी खुजे तारेही तसेच भासत असल्याने वर्णपट घेऊन खात्री करावी लागते. या पद्धतीने २००१ मध्ये ६.२८ ताम्रच्युतीचा क्वासार सापडला. अवरक्त सर्वेक्षणांची जोड मिळाल्यावर ही मर्यादा २०११ मध्ये ७.०८५ व २०२१ मध्ये ७.६४ पर्यंत गेली. यांपैकी शेवटच्या क्वासारातील कृष्णविवराचे वस्तुमान सूर्याच्या सु. १६० कोटी पट आहे. विश्वाचे वय ७० कोटी वर्षांहून कमी असताना ते एवढे कसे वाढले, हा प्रश्न अद्याप सुटलेला नाही.